ठाम सांगता येत नाही

संध्या तायडेला थायरॉइड आहे हे तिच्या ऑफिसात, माहेरी, सासरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. आजकाल कोणाला नसतो? सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, थोडा वेळ चहाला हात लावायचा नाही, मधूनमधून रक्त तपासायचं, झालं. तिचा मात्र जरा निराळा होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "तुमच्या शरीराचे राखणदारच तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीला चोर समजून बसलेत. हळूहळू कुरतडतात तिला. याला हाशिमोटो म्हणतात." संध्यानं तेव्हा मान डोलावली होती आणि खाली येऊन मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या. त्यावर कितीतरी वर्षं निघाली.

ती भातकुलीच्या पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक होती. राहायला अमरावतीत. रोज सकाळी डबा घेऊन एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं. नवरा प्रीतम धारणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मुलगी आचल नागपुरात होस्टेलवर शिकत होती. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस संध्या घरात एकटी असे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर अलीकडे तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. वडील, किसनराव, गेले तेव्हा ती रडली होती. त्यानंतरच्या वर्षात केव्हातरी आतलं काहीतरी हळूहळू मंदावत गेलं. पंखा बंद केल्यावर पाती काही वेळ फिरत राहतात, तशी ती कामं करत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर रक्ताचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी गळा चाचपला, पुन्हा चाचपला आणि म्हणाले, "एकदा सोनोग्राफी करून घ्या."

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी गळ्यावर थंडगार जेल लावलं. ते मशीन फिरवता फिरवता मदतनीस मुलीशी लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होते. उजव्या बाजूला आल्यावर बोलणं थांबलं. त्यांनी तिथंच मशीन दाबलं, बाजूला नेलं, परत आणलं. संध्या छताकडे पाहत पडली होती. डॉक्टर गप्प झालेत, म्हणजे काहीतरी दिसलंय, हे तिला कळलं. पण ते कळणं कानापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. छाती धडधडली नाही, की हातापायांना घाम सुटला नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच, की हे पुसायला कागद देतील का आपलाच रुमाल काढावा लागेल.

रिपोर्ट इंग्रजीत होता. ऑटोत बसून तिनं तो वाचला. ग्रंथी सगळीकडे खडबडीत, असमान. उजव्या बाजूला एक गडद भाग, कडा स्पष्ट नाहीत. गाठ असू शकते, सुजेचाच भाग असू शकतो. इतर तपासण्यांशी ताडून पाहावे. संध्याला ती भाषा ओळखीची वाटली. निर्णय आपल्या अंगावर घ्यायचा नसला की त्यांच्या ऑफिसातही असंच लिहीत. 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.' फाइल या टेबलावरून त्या टेबलावर.

तशीच ती फाइल पुढे सरकली. सुईची तपासणी झाली. गळ्यात सुई घालून थोड्या पेशी काढल्या, काचेवर पसरल्या. चार दिवसांनी त्याचाही रिपोर्ट आला. पेशी साध्या नाहीत, पण कॅन्सरच्या आहेत असंही म्हणता येत नाही. सुजेमुळेही अशा दिसू शकतात. ठाम सांगता येत नाही.

"म्हणजे नेमकं काय?" शनिवारी घरी आलेल्या प्रीतमनं विचारलं. अजून त्यानं पायातले बूटही काढले नव्हते.

"म्हणजे ठाम सांगता येत नाही."

"अगं, पण डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, दोन रस्ते हायेत. एक तं अर्धी ग्रंथी काढून तपासाले पाठवायची. नाई तं थांबायचं, काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं. तुमचं तुमी ठरवा म्हणाले."

प्रीतम सोफ्यावर बसला. हळूच बूट काढले. तो धारणीहून निघाल्यापासून फोनवर वाचत आला होता. जिथं जिथं रेंज मिळाली तिथं तिथं. त्याचा चेहरा उतरलेला होता, डोळे लाल होते. "काढून टाकू," तो म्हणाला. "डोक्याले ताप नको. आज काही नाई म्हणतात, उद्या काही निघालं तं?"

"बरं."

"बरं काय? तुले काय वाटते?"

संध्यानं खरोखरच विचार केला. त्याला खरं उत्तर द्यावं असं तिला वाटत होतं. पण आत हात घालून पाहिलं तर हाताला काहीच लागेना. "मले काई नाई वाटत," ती म्हणाली. "तुमी हातपाय धुवा. पिठलं थंड होऊन रायलं."

प्रीतम तिच्याकडे पाहतच राहिला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला भीती वाटत होती आणि ती वाटून घ्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. जेवताना तो दोनदा उठून गॅलरीत गेला. संध्यानं त्याच्या ताटावर झाकण ठेवलं आणि आपलं जेवण संपवलं.

ऑफिसातही तसंच झालं. बातमी तिथं कशी पोचली कोणास ठाऊक. शिपाई बेबीताई डब्याच्या वेळेस जवळ येऊन बसल्या. "मॅडम, माया भाचीले असंच झालं होतं, काही नाई निघालं," असं म्हणून त्यांनी भाचीची सगळी कथा सांगितली. दुसऱ्या टेबलावरचे भगवंतराव निवृत्तीला आलेले, त्यांनी कोणत्या तरी काढ्याचं नाव सांगितलं. सगळ्यांनी मिळून एकच निष्कर्ष काढला, की तायडे मॅडम मोठ्या खंबीर बाई. एवढं झालं तरी चेहऱ्यावर रेघ नाही. संध्या ऐकून घेत होती. आपण खंबीर नाही हे तिला माहीत होतं. खंबीर माणूस काहीतरी पेलत असतो. तिच्या हातात तर काही नव्हतंच.

अकोल्याला तिचा धाकटा भाऊ स्वप्निल राहायचा, आई केशरबाई त्याच्याकडेच असत. स्वप्निलचा फोन आला. "ताई, कापाकापीच्या आधी इथं एकदा दाखव. डॉ. आरती गावंडे म्हणून आहेत. फक्त थायरॉइडचंच पाहतात. मी नंबर लावून ठेवला."

"बरं," संध्या म्हणाली.

शुक्रवारी तिनं रजा टाकली. बडनेऱ्याहून गाडीनं निघाली. मूर्तिजापूर मागे पडलं, दोन्हीकडे वेचणी होत आलेल्या कापसाची रानं होती. पूर्वी या रस्त्यानं माहेरी जाताना तिला अकोला जवळ आलं की उगाच उठून दाराशी उभं राहावंसं वाटायचं. आता गाडी स्टेशनात थांबली, लोक उतरून गेले, तेव्हा ती सावकाश उठली.

केशरबाईंनी दारातच तिला कवटाळलं. ठेंगणी, सावळी, अंगानं सुकलेली बाई, पण हातात अजून जोर होता. "काय वं संध्या, अशी कावून सुजल्यावानी दिसून रायली? खात नाई का?" आवाज घोगरा येत होता.

"तुयाच आवाज बसला ना माय."

"सर्दी हाय. थंडी सुरू झाली की होते मले."

"दिवाळीच्या आधीपासून बसलाय," स्वयंपाकघरातून भावना म्हणाली. भावना म्हणजे स्वप्निलची बायको. "म्हणतो डॉक्टरकडे चला, तर हळद-दूध पितो म्हणतात."

"तू गप बस," केशरबाई म्हणाल्या. "आजारी कोन हाय, ती का मी?"

दवाखान्यात आपण येणारच, असं त्यांनी रात्रीच जाहीर केलं होतं. स्वप्निलनं समजावलं, गर्दी असते, बसायला जागा नसते. त्या ऐकेनात. सकाळी विहारात जाताना नेसायची पांढरी साडी नेसून त्या सगळ्यांच्या आधी तयार. "पोरगी एकटी कशी जाईन? डॉक्टर काय बोलते ते तिले समजते का? ती आजकाल आयकूनच घेत नाई कोनाचं."

हे मात्र खरं होतं.

डॉ. आरती गावंडे पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी अमरावतीचे कागद शांतपणे वाचले, सोबत आणलेल्या काचा बाजूला ठेवल्या आणि संध्याला टेबलावर झोपवून स्वतःच सोनोग्राफी केली. केशरबाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या.

"हे बघा," डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. राखाडी रंगाचा खडबडीत पट्टा दिसत होता. "मशीन असं आडवं धरलं की इथं गाठ दिसते. दिसते ना? गोल, काळसर. आता मी ते उभं फिरवते. कुठं गेली गाठ?"

संध्यानं पाहिलं. गोल मोडला होता, काळसरपणा आजूबाजूच्या खडबडीत पट्ट्यात पसरून गेला होता.

"तुमचं माहेर शेतीवाल्यांचं?"

"बाबांची थोडी होती. काळी."

"मग तुम्हाला समजेल. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. भेगांच्या मधे जे तुकडे दिसतात ते वेगळी ढेकळं वाटतात, पण असतात जमिनीचेच. हाशिमोटोमध्ये तुमची ग्रंथी अशी भेगाळलेली आहे. सगळीकडे सूज, मधे मधे तुकडे. त्यात नुसता तुकडा कोणता आणि खरा दगड कोणता, हे वरून पाहून सांगणं अवघड जातं. अमरावतीच्या डॉक्टरांनी चूक केली असं नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं."

"आन सुईचं?" केशरबाईंनी मधेच विचारलं. "सुईमंदी तं खराब पेशी निघाल्या म्हनतेत."

"खराब नाही आजी, जरा वेगळ्या. सूज असली की पेशी तशा दिसू शकतात. मी काचा आमच्याकडे पुन्हा वाचायला देते."

"पन मंग गाठ हाय का नाई? एक सांगा ना बापा. हाय म्हना नाई तं नाई म्हना."

डॉक्टर हसल्या. "माझ्या मते नाही. पण ते माझं मत आहे, आजी. शंभर टक्के आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून घाईनं कापायचं नाही आणि विसरूनही जायचं नाही. गोळी थोडी वाढवते. काही महिन्यांनी पुन्हा पाहू." मग त्या संध्याकडे वळल्या. "तुम्हाला काही विचारायचं?"

संध्या उठून बसली, गळा पुसत. विचारायचं काही नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "मॅडम, मले कशाचंच काही वाटत नाई. कॅन्सर असन म्हणाले तेव्हा बी नाई वाटलं. हे बी त्याच्यानंच का?"

"असू शकतं. तुमचं रक्त बिघडलंय. त्यानं माणूस मंदावतो, थंड पडतो, मनानंही." डॉक्टरांनी कागदावर गोळीचा नवा डोस लिहिला. "पण सगळंच थायरॉइडवर टाकू नका. गोळी वाढवून दोन महिन्यांत फरक नाही पडला, तर मनाच्या डॉक्टरकडे पाठवेन. चालेल?"

"चालन."

"मी म्हनतो ना, तिचा बाप गेला तवापासून..." केशरबाई बोलायला लागल्या, आवाज चिरकला, खोकल्या आणि पुन्हा बोलायला गेल्या तर नुसतीच हवा निघाली.

डॉ. गावंडेंनी पेन खाली ठेवलं. "आजी, आवाज असा केव्हापासून आहे?"

"सर्दी हाय."

"सर्दीनं इतके दिवस बसत नाही. जरा इकडे या. पदर बाजूला घ्या."

केशरबाईंनी पदर घट्ट धरला. पदर गळ्याभोवती घ्यायची त्यांची जुनी सवय, संध्याला आठवतं तेव्हापासूनची. "मायं काय पाहता? मले काई नाई झालं. तिचं पाहा."

"तिचं पाहिलं. आता दोन मिनिटं तुमचं."

पदर निघाला. संध्या समोरच होती. आईचा गळा तिनं कित्येक वर्षांत असा उघडा पाहिला नव्हता. डाव्या बाजूला खाली, हाडाच्या जरा वर, लिंबाएवढा फुगवटा होता. डॉक्टरांनी बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "गिळा." घोटाबरोबर वर सरकायला हवा होता, पण फुगवटा जागचा हलला नाही.

आता टेबलावर केशरबाई झोपल्या आणि संध्या भिंतीशी त्यांच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती. यावेळी डॉक्टरांनी मशीन आडवं-उभं फिरवून काही दाखवलं नाही. पाहिलं, मोजलं, बाजूच्या गाठीही पाहिल्या आणि शांतपणे सांगितलं की आजच सुईची तपासणी करू.

तो रिपोर्ट यायला वेळ लागला नाही आणि त्यात 'असू शकते' हे शब्द नव्हते. कॅन्सर होता. थायरॉइडचाच, सगळ्यात हळू चालणारा प्रकार, पण आवाजाच्या नसेपर्यंत पोचलेला. कितीतरी वर्षं तो तिथं होता. फोनवर डॉ. गावंडेंनी संध्याला समजावून सांगितलं, की नागपूरला जावं लागेल, पूर्ण ग्रंथी काढावी लागेल, नंतर एक किरणोत्सारी औषध पाजतात. वय झालेलं आहे, पण या आजाराला औषध आहे, हात टेकायचे नाहीत. संध्या भातकुलीच्या ऑफिसात खिडकीशी उभी होती. खाली कोणीतरी ट्रॅक्टर रिव्हर्स घेत होतं. ती म्हणाली, "समजलं मॅडम."

स्वप्निल फोनवर हमसून रडला. प्रीतम धारणीहून आठवड्याच्या मधेच निघून आला. भावना स्वतःला दोष देत बसली, की मी जबरदस्तीनं न्यायला पाहिजे होतं. कोणी रडत होतं, कोणी घाबरलं होतं, कोणी नातेवाईकांना फोन करत होतं. या सगळ्यात संध्या नागपूरची तारीख घेत होती, रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढत होती, आचलला होस्टेलवरून दवाखाना किती लांब पडतो ते विचारत होती. तिचं डोकं स्वच्छ चालत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये स्वप्निल म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून. नाहीतर आमचं काही खरं नव्हतं." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं वजन तिला कळत होतं, शर्टाचं कापड कळत होतं. त्यापलीकडे काही नाही.

त्याच संध्याकाळी केशरबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. संध्या त्यांच्या केसांना तेल लावत होती. आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गाठ हाय ते मले मालूम होतं."

"केव्हापासून?"

"तू नोकरीले लागली त्याच्या आधीच्या सालापासून असन. तवा बारकी होती, बोरावानी. दुखे ना, खुपे ना. मंग तुये बाबा आजारी पडले. त्याइचं कराव का मायं पाहाव?" त्यांनी पदर नीट केला. "आन कोनी पायलं तं गलगंड म्हनतीन. म्हनून पदर घेत होतो."

"मले सांगतलं असतं."

"तुले सांगून काय झालं असतं? तू बी तं काई सांगत नाई."

संध्याचा तेलाचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. वेणी घालून झाली, तेव्हा नर्स रक्त घ्यायला आली.

ऑपरेशन लांबलं, पण पार पडलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, की सगळं काढलं, मात्र आवाजाची एक नस वाचवता आली नाही. बोलता येईल, पण कुजबुजल्यासारखं. औषध पाजल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, तेव्हा काचेपलीकडून केशरबाई हातवारे करून विचारायच्या, जेवली का? सगळं उरकल्यावर त्यांना अकोल्याला न नेता संध्यानं अमरावतीला आणलं. स्वप्निलकडे दोन्ही मुलं लहान, घरात गडबड. आणि संध्याच्या घरात जागा होती.

तिथून दोघींचे दिवस एकासारखे एक जाऊ लागले. सकाळी दोघी उपाशीपोटी आपापली गोळी घ्यायच्या. आता केशरबाईंच्या गळ्यात ग्रंथीच नव्हती, म्हणून त्यांना मोठी गोळी, संध्याला लहान. मग चहाची वेळ होईपर्यंत दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहायच्या. संध्या ऑफिसला गेली की शेजारच्या आशाबाई केशरबाईंच्या सोबतीला येत. केशरबाई जन्मभर बोलणारी बाई. आता आवाज चार हातांच्या पलीकडे जाईना. तिकडच्या खोलीतून हाक मारायची म्हटलं तर हाकच नव्हती. त्यांनी त्यावर उपाय काढला. स्टीलचं ताट आणि उलथनं जवळ ठेवलं. काही हवं असलं की ताट वाजायचं. पाणी हवं, ताट. उन्हं आली, कपडे काढ, ताट. मालिकेत काय झालं ते सांगायचंय, तरी ताट.

एका रविवारी प्रीतम बाजारात गेला होता. संध्या न्हाणीघरात कपडे धूत होती. ताट वाजलं. ती हात पुसून गेली. केशरबाईंना पंख्याचा वेग कमी करून हवा होता. ती परत येऊन बसली, तर ताट वाजलं. पंखा फारच कमी झाला होता. ती परत आली, साबण हातात घेतला आणि ताट पुन्हा वाजलं, जोरानं, थांबता थांबेना.

संध्या ओल्या हातांनी तशीच गेली आणि ओरडली, "काय लावलं वं माय! ताट फोडतं का आता? मानसानं काही काम कराव का नाई? दिवसभर तुया ताटाच्या मांगंच धावू का?"

केशरबाईंच्या हातात उलथनं तसंच होतं. संध्याच्या कानशिलात रक्त धडकत होतं, श्वास वर आला होता. आपला स्वतःचा एवढा मोठा आवाज तिनं कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. तिला राग आला होता. साधा, रोजचा, घरगुती राग, शेजाऱ्यांना ऐकू जाणारा.

केशरबाईंनी तिला जवळ बोलावलं. ती वाकली, तेव्हा त्या कानाशी कुजबुजल्या, "ओट्यावर मांजर दूध पिऊन रायली."

संध्या स्वयंपाकघरात धावली. पातेलं अर्धं रिकामं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. पण राग अजून उतरला नव्हता, आणि तो तिचा स्वतःचा होता. मग तिनं उरलेलं दूध फेकून दिलं, पातेलं घासलं आणि कपडे धुवायला परत गेली. पुढचे कित्येक दिवस ती पुन्हा होती तशीच मंद होती. फरक पडलाच असेल तर एवढाच, की बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर आता तिला दुखायचं आणि ती तसं बोलूनही दाखवायची.

अकोल्याची तारीख आली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. प्रीतम सोबत आला होता. डॉ. गावंडेंनी तिचं रक्त पाहिलं, ते बरंच सुधारलं होतं. पुन्हा सोनोग्राफी केली. उजवीकडचा तो काळसर भाग तिथंच होता, तेवढाच, तसाच. वाढला नव्हता, गेलाही नव्हता. काचा दुसऱ्यांदा वाचणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, की बहुधा सूज असावी. बहुधा.

"आईंचं कळल्यावर मीही पुन्हा विचार केला," डॉक्टर म्हणाल्या. "घरात एकाला असलं की दुसऱ्याकडे जास्त काळजीनं पाहावं लागतं. काढायचं म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. थांबायचं म्हणालात तर तेही चुकीचं नाही. मी तुमच्या जागी असते तर थांबले असते आणि दर सहा महिन्यांनी पाहिलं असतं."

प्रीतम पुढे सरकला. "मॅडम, मी काय म्हणतो, एकदाचं काढूनच..."

"नाई," संध्या म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती फार जोरात बोलली नव्हती. "मायचं पाह्यलं मी. तिथं काढाच लागत होतं, आवाज गेला तरी. माया गळ्यात काय हाय ते अजून कोणालेच मालूम नाई. जे मालूम नाई त्याच्यासाठी मी गळा नाई कापून घेत. सहा महिन्यांनी येतो मी. दर वेळेस येतो. वाढलं तं काढा."

"आन तवरक झोप येईन का तुले?" प्रीतमनं विचारलं.

"मले येते. तुमची गोष्ट निराळी हाय."

डॉक्टरांनी हसू दाबलं. बाहेर आल्यावर प्रीतमनं उसाचा रस घेतला, दोन ग्लास, आणि तिच्या ग्लासातला बर्फ काढून तो तिच्या हातात दिला. तिला थंडीचा त्रास होतो हे त्याला माहीत होतं. "मले भेव वाटते संध्या," तो रस्त्याकडे पाहत म्हणाला. "तू अशी बोलत नाई ना, तवा जास्त वाटते."

तिनं ग्लास तोंडाला लावला होता तो खाली घेतला. "मले बी वाटत असन," ती म्हणाली. "अजून वर नाई आलं. आलं की सांगीन."

प्रीतमनं मान हलवली. हे उत्तर त्याला पुरेसं होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. केशरबाई शेजारच्या आशाबाईंना सोबत बसवून वाट पाहत होत्या. संध्या आत येताच त्यांनी हातानंच विचारलं, काय झालं?

"तसंच हाय माय."

केशरबाईंनी तिला जवळ ओढलं आणि कुजबुजल्या, "तसंच म्हनजे चांगलं का खराब?"

"तसंच म्हनजे तसंच. सहा महिन्यांनी पुन्हा."

म्हातारीनं थोडा विचार केला. मग आशाबाईंकडे वळून, आवाज पोचावा म्हणून सगळा जोर लावून, तिनं जाहीर केलं, "माही पोरगी चांगली हाय." आशाबाईंना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी संध्याकडे पाहिलं. संध्यानं ते वाक्य दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणून दाखवलं नाही. ती आत गेली, पर्स खुंटीला अडकवली, आणि कणीक भिजवायला परात काढली.